गाडेकर सरांची दोन कार्डं

गाडेकर सरांपुढं कुठल्याही गोष्टीला नुसतं ‘चांगलं’ म्हणायची सोय नव्हती. मंठ्याच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले त्या दिवशी मधल्या सुट्टीत चहा आला. नव्या माणसानं काहीतरी गोड बोलावं म्हणून मी म्हणाले, “चहा चांगलाय हो तुमच्याकडचा.” कोपऱ्यात रंगाच्या डब्यांमागं बसलेल्या एका किडकिडीत गृहस्थांनी मान वर केली आणि विचारलं, “कशापुढं?”

मला काही कळेना. “कशापुढं चांगलाय, मॅडम? एकटा चहा चांगला बी नसतो न् वाईट बी नसतो. नुसता गरम असतो.” एवढ्यावर थांबतील तर ते गाडेकर सर कसले! दुसऱ्या दिवशी त्यांनी बसस्टँडवरच्या हॉटेलातला चहा मागवला, शाळेतल्या चहाशेजारी ठेवला आणि म्हणाले, “हां, आता बोला.” मी दोन्हीचा एकेक घोट घेतला आणि सांगितलं की दोन्ही सारखेच बेकार आहेत. सर इतके खूश झाले की उरलेला चहा त्यांनी खिडकीतून ओतून दिला आणि “मॅडम आपल्यातल्या निघाल्या” असं आल्यागेल्याला सांगत सुटले. आमची दोस्ती जमली ती अशी.

ते चित्रकला शिकवायचे. वर्गात टेबलावर मडकं ठेवायचं झालं तर दोन ठेवायचे. “एकटं मडकं काढलं की कसं बी खपतं,” ते पोरांना सांगायचे. “शेजारी दुसरं ठेवलं की मंग समजतं आपण किती लबाडी करून राह्यलो.” हेडमास्तरांचं पंधरा ऑगस्टचं भाषण संपलं की सव्वीस जानेवारीच्या भाषणाशी त्याची तुलना सुरू. मी नवी साडी नेसून आले की आधीची कुठली ते आठवायचे आणि निकाल द्यायचे. मी चिडायचे. “सर, तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?” म्हणायचे. ते हसून सुपारी कातरायला लागायचे.

पण एका गोष्टीबद्दल त्यांनी कधी ‘कशापुढं’ विचारलं नाही, ती म्हणजे त्यांचं गाव. उंबरखेडा. नदीकाठचं ते गाव धरणात गेलं. माणसं माळावरच्या नव्या वसाहतीत गेली आणि सरांचे थोरले भाऊ, आण्णा, मंठ्याला सरांच्या घरी राहायला आले. मी ते गाव पाहिलेलं नव्हतं. मी आले तेव्हा तिथं पाणी होतं.

त्याच सुमाराला शाळेत कॉम्प्युटर आले. बाकीचे आम्ही त्यांच्याकडं पाहुण्यासारखं लांबून बघत होतो, आणि सरांनी महिन्याभरात त्यातल्या एकाचं पोट उघडून आत काय काय आहे ते पाहूनसुद्धा घेतलं होतं. त्यांच्या हाती एक मारामारीचा खेळ लागला. त्या खेळाबरोबर एक सोय यायची. आपल्याला हवे तसे रस्ते, भिंती, घरं आपण स्वतः बांधायची आणि मग त्यात चालत फिरायचं. मारामारी सरांनी बाजूला ठेवली आणि उंबरखेडा बांधायला घेतला.

रोज शाळा सुटली की बसायचे. बाजारच्या दिवशी वसाहतीतली माणसं मंठ्याला यायची ती पिशव्या घेऊन थेट आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. आणि मग काय भांडणं! “मास्तर, आमचा ओटा इतका बुटका न्हवता.” “ह्याची भिंत आमच्या जागेत आल्ती, तशीच दाखवा, लोकायला कळू द्या.” सर सगळ्यांचं ऐकायचे आणि दोघांना शेजारी उभं करून खरं-खोटं करायचे. गाव पाण्याखाली गेलं तरी हद्दीचा वाद कोरडाच होता. मला त्या माणसांचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

खेळ मारामारीचा, त्यामुळं चालणाऱ्या माणसाच्या हातात कायम बंदूक. गल्लीतून जाताना पडद्याच्या खालच्या बाजूला ती दिसत राहायची. सरांनी हरतऱ्हेनं खटपट केली पण हात रिकामा होईना. काहीतरी धरलेलंच पाहिजे असा त्या खेळाचा हट्ट.

आता आण्णांचं सांगते. उंच, हाडापेराचे, कमी बोलणारे. त्यांचा मुलगा विलास जालन्याला एका इंजिनिअरच्या ऑफिसात बिल्डिंगची ड्रॉइंग काढायचा. त्याचं लग्न वाटूरच्या मुलीशी ठरलं आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना आण्णांनी पाचर मारली. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, त्याला परण्या म्हणतात. आण्णा म्हणाले, “परण्या आपल्या घरून आपल्या मारुतीला गेला पाह्यजे. त्याबिगर माझं पोरगं बोहल्यावर चढणार न्हाई.”

मारुती तर पाण्यात. खडकातच कोरलेला, त्यामुळं हलवता आला नव्हता. वसाहतीत नवा आणून बसवला होता, गुळगुळीत संगमरवरी. आण्णांनी त्याला एकदा पाहिलं आणि म्हणाले, “ह्यो ओळखीचा न्हाई.” मुलीचे मामा वाटूरहून समजूत घालायला आले. “आण्णा, मारुती कोणता बी मारुतीच की.” आण्णा शांतपणे म्हणाले, “लग्नात तुमच्या जागी दुसरा मामा उभा केला तं पोरीला चालंल का?” मामा तडक परत गेले, आणि दोन दिवसांनी निरोप आला की जमत नसेल तर स्पष्ट सांगा, मुलीला इतर स्थळं आहेत. विलासचा चेहरा इतकुसा झाला. त्याला मुलगी मनापासून आवडली होती.

सरांनी आण्णांना सांगितलं, “परण्या उंबरखेड्यातूनच निघंल. मी नेतो.” आण्णांनी विचारलं, “पाण्यातून?” सर म्हणाले, “तुम्ही फक्त या. तुम्हाला पटलं तं लग्न. न्हाई पटलं तं मी पुन्हा बोलणार न्हाई.”

बोलायला बोलून गेले, पण गाव चालेना. एक घर असलं की ठीक, सगळं गाव एकदम म्हटलं की कॉम्प्युटर जागच्या जागी बसायचा. पडद्यावर चित्र काढण्याचं काम ज्याचं, ते ग्राफिक्स कार्डच त्यात नावाला होतं. “हे कार्ड म्हणजे मशिनीच्या पोटातला ड्रॉइंग मास्तर,” सर मला समजावत होते. “आपला मास्तर शिकाऊ हाय. दुसरा आणावा लागतो.”

दुसरा म्हणजे अर्थातच दोन! जालन्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून सरांनी नवंकोरं कार्ड बघायला म्हणून आणलं. आणि विलासच्या ऑफिसात नकाशे काढायचा जुना कॉम्प्युटर अडगळीत टाकलेला होता, त्यातलं एक लांबलचक कार्ड साहेबांना विचारून तो घेऊन आला. चित्रकलेच्या वर्गात टेबलावर मडक्यांच्या जागी ही दोन कार्डं शेजारीशेजारी ठेवली गेली आणि फळ्यावर दोन रकाने पडले. कार्डांबद्दल इंग्रजी मासिकात आलेलं वाचून दाखवायचं काम माझं.

नव्या कार्डाचा वेग जुन्याच्या दुपटीहून जास्त. एका सेकंदात ते इतकी चित्रं काढायचं की चालणं लोण्यासारखं वाटावं. पण त्याची मेमरी बत्तीस एमबी. जुन्याचा वेग अगदीच मंद, मासिकवाल्यांनी तर त्याला खेळाच्या परीक्षेत बसवलंही नव्हतं. मेमरी मात्र चौसष्ट. सरांनी फळ्यापुढं उभं राहून ते सगळं मराठीत आणलं. “म्हणजे ह्या नव्याचा हात जल्दी चालतो, पण कागद लहान. त्या जुन्याचा कागद मोठा, पण हात जड.” मी म्हटलं, मासिकात तर नव्याची वाहवा आहे. सर म्हणाले, “त्यायला पळायचंय, मॅडम. आपल्याला परण्या काढायचाय.”

तरीपण आधी नवंच लावलं, कारण ते चालताना बघून कुणालाही भुरळ पडली असती, आम्हालाही पडली. सगळं गाव त्याच्या मेमरीत मावेना, म्हणून सरांनी लांबचा भाग पांढऱ्या धुक्यात घातला. जवळ जाल तसतसं पुढचं उलगडत जाणार. रविवारी दुपारी आण्णांना आणलं. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, टोपी नीट केली आणि खुर्चीत बसले. पडद्यावर त्यांच्याच घराचा ओटा आला.

“मारुती कुठंय?” आण्णांनी विचारलं.

“येतो की. जरा पुढं जाऊ द्या.”

“पुढं कशाला? ओट्यावर उभं राह्यलं की झेंडा दिसतो आपल्याला.”

सरांनी बटण दाबलं. गल्ली झरझर मागं सरकली, घरं आली तशी गेली, आणि शेवटी धुक्यातून देऊळ एकदम समोर उभं राहिलं. आण्णा उठलेच. “मारुती काय असा अचानक उगवतो का? कोणाचं गाव हाय हे?” चपला घालून ते चालायला लागले. विलास खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, संपलं. मोडलं लग्न.

सरांनी आण्णांना एकच विनंती केली, उद्या आणखी एकदा या. “दुसरं शेजारी ठेवल्याबिगर निकाल द्यायचा न्हाई, आण्णा. तुम्हीच बैलबाजारात मला शिकवलेलं हाय हे.” तेव्हा मला कळलं की ही तुलनेची खोड आली कुठून.

सोमवारी शाळा सुटल्यावर जुनं कार्ड लावलं. धुकं पूर्ण काढलेलं. ओटा आला, गल्ली आली, आणि गल्लीच्या टोकाला, कडुनिंबाच्या वर, बोटाच्या पेराएवढा भगवा झेंडा. आण्णांनी छातीला हात लावला. सरांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग हिसका बसून चित्र एक पाऊल पुढं आलं आणि पुन्हा थांबलं. पुन्हा बटण, पुन्हा वाट बघणं. दुसऱ्या पावलाला गाव एका निळ्या दारासमोर अडकून बसलं.

“चांदभाईचं घर,” आण्णा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “चांदभाई दिसंना.”

चांदभाई गाव उठायच्या आधीच वारले होते. सर म्हणाले, “आण्णा, माणसं न्हाई मावत ह्याच्यात. घरं मावली हेच लई झालं.”

“मंग मी काय करू हितं? नुसती घरं बघायला कोण जातंय गावाला?”

निळं दार पडद्यावर तसंच होतं, पुढचं चित्र अजून निघत होतं. आणि मागून, खुर्चीच्या पाठीमागून, एक जाड, खोकल्यानं भरलेला आवाज आला, “कहाँ चले पाटील, इत्ती जल्दी जल्दी? बैठो ना. चाय होरी.” मी दचकून वळले. सर होते. पण ते सरांचं तोंडच नव्हतं हो! खालचा ओठ लोंबलेला, एक डोळा बारीक.

आण्णा वळले नाहीत. पडद्याकडंच बघत म्हणाले, “नको चांदभाई. मारुतीला जाऊन येतो जरा.”

“हौ, जाओ जाओ. पोट्टे की शादी है ना? हमना बुलाये नहीं अब तक.”

“तुमाला बोलवायचं काय असतंय,” आण्णा म्हणाले.

मग हिसका बसला, पुढचं दार आलं. गिरजाबाईचं. सरांच्या तोंडून गिरजाबाईनं आण्णांच्या कोंबड्यांचा असा उद्धार केला की आण्णा डोळे पुसता पुसता हसायला लागले आणि उलट बोलायला लागले. लोहाराच्या दारात सर बोललेच नाहीत, फक्त भात्याचा आवाज काढत राहिले. असं करत करत, थांबत, ज्याची त्याची विचारपूस करत, ते दोघं भाऊ मारुतीपर्यंत गेले. नव्या कार्डावर निळं दार डोळ्यांपुढून कधी गेलं तेही समजलं नव्हतं. देवळात पोचल्यावर आण्णांनी विलासकडं बघितलं आणि म्हणाले, “वाटूरला सांगा, तारीख धरा.”

विलास शाळेच्या आवारातून पळतच सुटला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नव्या कार्डाखाली लिहिलेलं होतं, ‘खेळायला चांगलं’, आणि जुन्याखाली, ‘जायला चांगलं’. मी मुद्दाम विचारलं, “कशापुढं?” सरांनी माझ्याकडं खडू फेकला.

लग्नाच्या दिवशी कॉम्प्युटर सरांच्या ओसरीत मांडला होता. अंगणात हलगी. विलास बाशिंग बांधून, कट्यार धरून खुर्चीत बसला आणि पडद्यावर बघतो तर बंदुकीच्या जागी कट्यार, टोकाला लिंबू खोचलेलं! हातात काहीतरी पाहिजेच म्हणतो ना हा खेळ, मग घे, असं म्हणून सरांनी ती गुपचूप चितारून ठेवली होती. बटण विलास दाबत होता. दार आलं की हलगी थांबायची, सर बोलायचे, वऱ्हाड उत्तर द्यायचं, पुन्हा हलगी. रुसलेल्या मामांनीसुद्धा बूट काढले होते. देऊळ आलं तसा विलास पाया पडायला वाकला, बाशिंग बटणांवर आपटलं आणि सगळं गाव उलटंपालटं होऊन पडद्यावर नुसतं आभाळ आलं. आण्णा म्हणाले, “असू द्या. मारुतीच हाय, उडायचाच.” इतकं हसले लोक की मुहूर्त चुकायची वेळ आली.

पुढं दोनेक वर्षं आण्णा रोज दुपारी गावाला जाऊन यायचे. सर शाळेतून थकून आले तरी कधी कंटाळले नाहीत, बसायचे आणि एकेका दारात बोलायचे. कधीतरी मीही जाऊन बसायचे. मी माझ्या सासरची चार घरं नीट ओळखत नाही, पण उंबरखेड्यात कोण कुणाशी अबोला धरून आहे ते मला पाठ होतं. मग आण्णा गेले. त्यानंतर सर गावात गेले नाहीत. मी एकदा म्हटलं, चला जाऊन येऊ. “कोणाला नेऊ, मॅडम?” म्हणाले आणि सुपारी शोधायला लागले. दोघांनाही माहीत होतं की सुपारी त्यांच्या हातातच होती.

माझी बदली झाली, सर निवृत्त झाले. फोन व्हायचे. जालन्याचं नवं घर चांगलं आहे म्हणून सांगितलं की पलीकडून प्रश्न यायचाच. मग एक दिवस फोन विलासचा आला. सर झोपेतच गेले होते. मला त्यांची फार आठवण येते, हे मी आता सरळ लिहून टाकते. कुणीतरी काहीतरी चांगलं म्हणतं, मी मान वळवून कोपऱ्याकडं बघते, आणि तिथं दुसरंच कुणी बसलेलं असतं.

गेल्या दिवाळीत मंठ्याला गेले होते. विलासनं आता स्वतःचं ऑफिस काढलंय, कॉम्प्युटर जोरदार आहे. “मॅडम, गाव दाखवतो,” म्हणाला. आजच्या ह्या कार्डांपुढं सरांची दोन्ही कार्डं म्हणजे काहीच नाहीत. वेग म्हणाल तर वेग, मेमरी म्हणाल तर मेमरी. ओट्यावरून झेंडा लखलखीत दिसला. विलासनं बटणाला बोट लावलं मात्र, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आम्ही देवळात होतो.

“बघितलं?” तो म्हणाला. “ते जुनं कार्ड जळालं. तसलं दुसरं मिळतं का म्हणून सगळं जालना पालथं घातलं, मॅडम. दुकानदार हसतेत. म्हणतेत, लोक फास्ट मागतेत अन् तुमाला स्लो कशाला पाह्यजे? आता काय सांगू त्यायला. हे लई जल्दी जाऊन राह्यलं. काकाला बोलायला टायमच मिळंना.”

बोलला आणि स्वतःच ओशाळला. मी म्हटलं, “मागं घे. पुन्हा ओट्यावर चल.”

मग आम्ही दोघं सावकाश निघालो. एक पाऊल टाकलं की विलास बटणावरून बोट उचलून घ्यायचा आणि आम्ही थांबायचो. निळ्या दारासमोर थांबलो. गिरजाबाईच्या दारात थांबलो. लोहाराच्या दारात सगळ्यात जास्त वेळ थांबलो.